अवंतीचा वयोगट

३ डिसेंबर

रीगाहून होकार आला. लाटविया नावाचा देश नकाशावर कुठे आहे हे मला सप्टेंबरपर्यंत धड माहीत नव्हतं, आणि आता तिथल्या एका बाईनं लिहिलंय की माझी फिल्म जबलपूरच्या मुलांना खुशाल दाखवा. सुशांतला फोन केला तर तो म्हणाला, "बस भाई, अब मेला पक्का." मेला म्हणजे आमचा लहान मुलांच्या छोट्या सिनेमांचा मेळा. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस, नेपियर टाऊनमध्ये सुशांत शिकवतो त्या शाळेच्या हॉलमध्ये. इराण, जपान, मेक्सिको, पोलंड, आता हे लाटविया. सगळ्या फिल्मा पाच ते वीस मिनिटांच्या.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. वीस वर्षं वरमाला आणि विदाई कापत, जोडत आलो. एकदा तरी असं काही करायचं होतं जे बघताना कोणी आपलाच चेहरा शोधणार नाही.

गट तीन केलेत. पिवळा चार ते सात, हिरवा आठ ते बारा, निळा तेरा ते सोळा. मनगटावर त्या रंगाची फीत बांधायची, म्हणजे दारावर गोंधळ नको.

आमची अवंती ऑक्टोबरात चौदाची झाली. दिसते दहाची. सिकलसेलमध्ये वाढ मागे राहते असं डॉक्टर मॅडम सांगतात. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, मग हाडं दुखतात, आणि त्याला निमित्त काहीही पुरतं, थंडी, ताप, पाणी कमी पिणं. माझी बायको मोना, तिच्या रक्तात हे अर्धं होतं, माझ्या रक्तात अर्धं. आम्हाला दोघांना कधी काही झालं नाही. पोरीच्या वाट्याला पूर्ण आलं.

७ डिसेंबर

दिवसभर भाषांतर करून राहिलो. बहुतेक फिल्मांमध्ये बोलणं नाहीच, पण लाटवियाच्या फिल्ममध्ये आहे. खालची इंग्रजी अक्षरं आमच्या मुलांना तेवढ्या वेगात वाचता येणार नाहीत, म्हणून पडद्यावर फिल्म चालू असताना मी माइकवर हिंदीत वाचणार.

फिल्म तळ्याकाठच्या दोन बहिणींची आहे. मोठी तेराची, आजारी, बरी होणारी नाही. तिची एक छोटी होडी आहे. ती घरातल्या, गावातल्या प्रत्येकाला विचारत फिरते की मी गेल्यावर माझी होडी कोण घेईल. पाववाली म्हणते, जास्त खात जा. आई म्हणते, असं बोलू नये. बाप जाळं शिवत बसलेला असतो, तो म्हणतो, आज हवा चांगली आहे. शेवटी धाकटी, सहा वर्षांची, म्हणते, मी घेईन, पण मी तिला रंग देणार. मोठी हसते. संपलं.

एका वाक्यावर अडलो होतो. मोठी आईला म्हणते ते वाक्य. मी लिहिलं होतं, "मैं आपको दुःखी करने के लिए नहीं पूछ रही हूँ." तोंडात बसत नव्हतं. सतरा वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं. अवंती आतल्या खोलीत पांघरुणात होती, तिथूनच बोलली, "ऐसे कौन बोलता है पप्पा. 'रुलाने को नहीं पूछ रही, बस पूछ रही हूँ.' बस इतना."

एकदम बरोबर. नुसतं एक वाक्य कानावर पडलं आणि पोरीनं पकडलं. भाषेचं डोकं आहे तिला. मोनाला सांगितलं तर ती टिफिन घासत राहिली.

१० डिसेंबर

होडीची फिल्म काढून टाकली.

सुशांत चिडला. "निळ्या गटातली ती सगळ्यात चांगली फिल्म आहे, काहून काढतोस?" त्याचं मराठी माझ्याच घरी जेवून जेवून आलेलं आहे. मी म्हटलं, मुलांना झेपणार नाही. तो म्हणाला, "बच्चों को, या तुझको?" मी म्हटलं, शाळेतून तक्रार आली तर तुझी नोकरी जाईल. मग त्यानं यादीतलं नाव खोडलं.

खरं कारण सुशांतलाही माहीत आहे. अवंती हॉलमध्ये असणार. आईबापानं आपल्याच हातानं पोरीला ते दाखवायचं, हे माझ्यानं होणार नाही. तिला हा आजार आहे हे तिला माहीत आहे, गोळ्या स्वतः घेते, पण त्याच्या पुढचं आम्ही घरात कधी बोललो नाही. कशाला बोलायचं. सध्या हसती खेळती आहे.

संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "होडीवाली गेली का?" मी म्हटलं, हो, तांत्रिक अडचण आहे, फाइल खराब आली. ती म्हणाली, "अच्छा." होडीचं मी घरात बोललो असेन कधीतरी.

१५ डिसेंबर

दोन दिवस जवळच्या पाटणला लग्नाच्या शूटिंगवर होतो. परत आलो तर अवंतीचे पाय दुखून राहिले होते. गरम पाण्याची पिशवी लावून दोघी मायलेकी एकाच रजईत, मांडीवर माझा जुना लॅपटॉप. मला बघून मोनानं तो मिटला. म्हणाली, यूट्यूब बघून राहिलो होतो. मोनाचे डोळे लाल होते. दारूगोळ्याच्या फॅक्टरीतली ड्युटी, वरून पोरीचं दुखणं, झोप कुठून होणार.

अवंतीला विचारलं, फार दुखतं का. म्हणाली, "नाही, थोडंसं." रडत नाही माझी पोर. वॉर्डात मी मोठमोठी माणसं या दुखण्यानं ओरडताना पाहिली आहेत, पण ही माझ्यासमोर कधी रडली नाही. मी सुशांतला नेहमी सांगतो, धीराची आहे.

खमरियाचं हे फॅक्टरीचं क्वार्टर मोनाच्या नावावर आहे, खिडक्या जुन्या, फटीतून वारा येतो. उद्या वर्तमानपत्र आणि खळ घेऊन फटी बुजवायच्या आहेत.

२० डिसेंबर

आज घरात भांडण झालं, आणि तेही एवढ्याशा फितीवरून.

अवंतीनं निळी फीत मागितली. मी तिला समजावलं की निळ्या गटातल्या फिल्मा जरा जड आहेत, तू हिरव्यात बस, तिथे जपानची मांजराची आहे, मेक्सिकोची पतंगांची आहे, तुला आवडतील. ती म्हणाली, "मैं चौदह की हूँ." मी म्हटलं, माहीत आहे ना बेटा, पण हिरव्यात जास्त मजा आहे. ती म्हणाली, "मेरी क्लास की लड़कियाँ आ रही हैं वालंटियर बनके. ब्लू में बैठेंगी." मी म्हटलं, मग त्यांना भेट ना, बसायचं तेवढं हिरव्यात.

ती उठून आत गेली. बाबा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. माझे बाबा, लक्ष्मणराव, भंडाऱ्याहून याच फॅक्टरीत आले आणि इथूनच रिटायर झाले, बोलणं कमी. ते म्हणाले, "तू तिले विचारून काहून नाही राहिला? सांगूनच राहिला फक्त."

काय विचारायचं? मला खरंच कळलं नाही.

मोना म्हणाली, "तुला नाही कळणार, तू सिनेमे बघ." हे तिचं नेहमीचं. तिला वाटतं मी हा मेळा हौसेसाठी करून राहिलो. घरी आजारी पोर आणि नवरा जगभर मेल पाठवतो. पण मी हे अवंतीसाठीच तर करतोय. तिला दूर कुठे नेता येत नाही, थंड गावी नाही, डोंगरावर नाही, विमानात नाही. म्हणून म्हटलं, जगच इकडे आणू.

२६ डिसेंबर

पिवळा दिवस. लहान लहान पोरं, हॉल भरून. इराणच्या फिल्ममधला म्हातारा बूट शोधत असताना सगळी पोरं एका आवाजात ओरडत होती, "खाट के नीचे, खाट के नीचे." एक मुलगी मध्येच झोपून गेली, तिच्या आजीनं तिला तशीच उचलून नेलं. सुशांत आणि मी एकमेकांकडे बघून हसत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी माझं काम करून राहिलो.

उद्या अवंती येणार. जाड स्वेटर, कानटोपी, पायमोजे, सगळं काढून ठेवलंय.

२७ डिसेंबर

हिरवा दिवस. गर्दी झाली. पण.

दारावर अवंतीच्या वर्गातल्या दोघी वालंटियर होत्या, निळ्या टी-शर्टमध्ये, चांगल्या उंच. त्यातल्या एकीनं अवंतीच्या मनगटावर हिरवी फीत बांधली. अवंतीनं हात पुढे केला. मी मागून बघत होतो. मला वाटलं, चला, समजली.

मग मी प्रोजेक्टरजवळ अडकलो. दुसऱ्या फिल्मनंतर बघितलं तर तिची खुर्ची रिकामी. शोधत मागे गेलो तर हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती, वाऱ्यात, स्वेटर नाही, टोपी नाही. स्वेटर कुठे विसरली कोण जाणे. मी ओरडलो. तिच्यावर मी सहसा ओरडत नाही. म्हणाली, "अंदर गरम हो रहा था." डिसेंबरात, जबलपूरला, त्या हॉलमध्ये गरम. मी माझं जॅकेट तिच्यावर टाकलं आणि आत आणून बसवलं. नंतर स्वेटर सापडला, बाथरूममध्ये खुंटीवर, टोपी त्याच्या बाहीत नीट कोंबलेली.

घरी येईपर्यंत कंबर आणि छाती दुखायला लागली. आता मोना आत तिच्याजवळ आहे. दार लावून घेतलंय.

२८ डिसेंबर

भरती केली. छातीत उतरलंय. डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला, उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरं. नाकात ऑक्सिजन. निळा दिवस पुढे ढकलला, सुशांतनं शाळांना फोन केले.

मी सारखा बाहेर जाऊन राहिलो. कोणाकोणाचे फोन येतात, एका शाळेची बस रद्द करायची होती, नव्या तारखेसाठी हॉलच्या चाव्या. आत मॉनिटरचा आवाज सहन होत नाही. ऑक्सिजनचा आकडा खाली आला की तो टूं टूं करतो आणि मी उठून बाहेर येतो.

३० डिसेंबर

आयसीयू. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात. काल थोडं बरं वाटलं म्हणून आम्ही डाळभात खाल्ला आणि आज सकाळी एकदम खाली गेली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, रक्त बदलावं लागेल, तिचं थोडं काढायचं, दुसऱ्याचं घालायचं. मी विचारलं, वाचेल ना. त्या म्हणाल्या, "वीरेंद्रजी, आज का दिन देखने दीजिए."

मी बाहेर येऊन सुशांतला फोन लावला. त्याला काय सांगायचं होतं आठवत नाही. मेक्सिकोवाल्यांना उत्तर दिलं का असं काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "भाई, मेक्सिको छोड़."

मोना बाहेर आली. म्हणाली, "तू फोन करायला बाहेर येतो का तिच्यापासून दूर यायला?" मी म्हटलं, काय बोलतेस. ती म्हणाली, "ती तुझ्यासमोर दात दाबून पडून राहते. तू बाहेर गेला की रडते. कधीपासून सांगायचं होतं तुला."

मी म्हटलं, असं काही नाही. ती आत गेली.

भिंतीला टेकून उभा होतो. मग फोन खिशात घातला.

३१ डिसेंबर

रक्त बदललं. आम्हाला बाहेर थांबवलं होतं. बाबा क्वार्टरवरून आले, बुद्धवंदना म्हणत बसले, ओठ हलताना दिसत होते. आवाज नव्हता. मला काही म्हणता येईना. मी फक्त वाईट वाईट गोष्टी ठरवत होतो. म्हणजे, ती गेली तर तिची खोली कुलूप लावून ठेवायची की नाही. मग स्वतःचीच किळस आली. मग परत तेच.

दुपारी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आकडा टिकून आहे. टिकून आहे म्हणजे चांगलं का? म्हणाल्या, टिकून आहे म्हणजे टिकून आहे.

१ जानेवारी

वॉर्डात आणलं. ऑक्सिजन चालूच, पण कमी. दुखणं मात्र आता हाडात आहे, औषध देऊनही ती पाठ टेकवू शकत नाही.

मोना चहा घ्यायला गेली होती. अवंतीनं मला जवळ बोलावलं. मास्कमधून बोलते म्हणून कान तोंडाशी न्यावा लागतो.

"पप्पा. निळा दिवस कधी आहे?"

"तू बरी हो, मग बघू."

"सुशांत काका तीन तारीख बोले."

सुशांत तिला भेटून गेला होता तेव्हा बोलला असणार. मी म्हटलं, हो, पण आपण नाही जाणार.

"होडीवाली फिल्म दिखाना उसमें."

मी म्हटलं, बेटा, ती फाइल खराब आहे.

"नाही," ती मराठीत म्हणाली. ती मराठीत बोलते तेव्हा शब्द शोधून शोधून बोलते. "फाइल ठीक आहे. मी पाहिली. मम्मीनं पण पाहिली. खूप वेळा."

मला काय वाटलं ते मी इथेही नीट लिहू शकत नाही. आधी राग आला, मोनाचा. मग लाज. ती रजई, तो मिटलेला लॅपटॉप, ते वाक्य. माझ्या नाकासमोर सगळं होतं आणि मी पोरीच्या भाषेचं कौतुक करत बसलो होतो.

"माझ्यासाठी नको," ती म्हणाली. "क्लास की लड़कियों के लिए. वो पूछती हैं तुझे क्या हुआ है, मला सांगता येत नाही. मैं बोलती हूँ बुखार. फिल्म देखेंगी तो समझ जाएँगी."

मी म्हटलं, पण वाचणार कोण, मला इथून हलायचं नाही.

"मम्मी वाचेल. तिला पाठ आहे. मी तिच्याकडून करून घेतलं."

३ जानेवारी

मोना दुपारी गेली. जाताना म्हणाली, मी नाही जात, तू जा, तुझं काम आहे ते. अवंती म्हणाली, "मम्मी तू जा. पप्पा बसेल." मोनानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सुशांत घ्यायला आला होता. मोनानं आयुष्यात कधी माइक धरलेला नाही.

मी स्टूल ओढून बसलो. फोन सुशांतलाच देऊन टाकला होता, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

अवंती कुशीवर होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पप्पा, मी किती वर्षांची होईन?"

मला वाटलं वाढदिवसाचं विचारते. म्हटलं, ऑक्टोबरात पंधराची.

"वो नहीं. टोटल."

खिडकीबाहेर कडुनिंबाच्या वर ऊन आलं होतं. मी म्हणालो, "आज ऊन चांगलं पडलंय, थंडी कमी आहे."

म्हणालो आणि मला ऐकू आलं. जाळं शिवणारा बाप. त्याचं वाक्य मीच हिंदीत केलं होतं, तीनदा खोडून. अवंती माझ्याकडे बघत होती, मास्कच्या वर दोन पिवळसर डोळे. ती हसली नाही, चिडली नाही. थांबून राहिली. सवय आहे तिला थांबायची.

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"खरंच माहीत नाही, का सांगत नाहीस?"

"खरंच माहीत नाही. काही जण खूप म्हातारे होतात. काही जण नाही होत. या वेळी मला वाटलं होतं की तू..."  मग बोललो. "मला वाटलं होतं तू जाशील. तीस तारखेला."

"मला पण," ती म्हणाली.

"डर लगा?" मी विचारलं.

"बहुत."

मग ती रडायला लागली. म्हणजे आधी नुसता आवाज आला, मला वाटलं खोकला, मग मोठ्यानं. दुखतंय म्हणाली, पाठ दुखतेय, पाय दुखतायत, सगळं दुखतंय, पप्पा, बहुत दुखता है, हमेशा बहुत दुखता है. शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. नर्स आली, औषधाची वेळ झाली नव्हती, ती उभी राहून परत गेली. मी तिची पाठ चोळली, चोळलं की जास्त दुखतं म्हणाली, मग नुसता हात ठेवला. मला उठून जायचं होतं. खरं लिहितो, दाराकडे दोनदा बघितलं.  बसून राहिलो. ती माझं बोट तुटेल इतकं घट्ट धरून होती आणि मी पण रडत होतो, नाक गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

औषध आलं, हळूहळू झोपली. तोंड उघडं, गालावर मास्कची रेघ.

मोना आली तेव्हा तिनं आम्हा दोघांचे चेहरे बघितले. माझ्या खांद्यावर हात ठेवून स्टूलच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसली.

४ जानेवारी

मोनानं आज सांगितलं. निळा गट म्हणजे वरच्या वर्गातली पोरं, मागच्या रांगांमध्ये आधी खिदळणं चालू होतं. तिचा आवाज सुरुवातीला निघेना. सुशांतनं पाण्याचा ग्लास दिला. मग तिनं पडद्याकडे बघणंच सोडलं, डोळे मिटले आणि वाचायचं सोडून बोलायला लागली, अवंतीनं शिकवलं तसं. आईचं वाक्य आलं, "ऐसी बातें नहीं करते," तिथे ती अडली. म्हणाली, "ते मी किती वेळा खरंच बोलले आहे तिला. तिथे माझ्यानं पुढे होईना. फिल्म पुढे गेली, एक वाक्य सुटलं."

संपल्यावर दिवे लागले. एका मुलानं विचारलं, "आंटी, वो मर गई क्या?" मोना म्हणाली, "फिल्म में दिखाया नहीं. पर हाँ, मर जाएगी."  मग अवंतीच्या वर्गातली ती फीत बांधणारी पुढे आली, हळू आवाजात म्हणाली, "आंटी, अवंती को भी यही है?"

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, ऐसा ही कुछ. पण तिला होडी नाही."

एवढं बोलून मोना हसली आणि मग हुंदके देऊन रडली. मी तिला कधी विचारलंच नव्हतं की ती हे सगळं एकटी कशी धरून आहे.

७ जानेवारी

डॉक्टर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. फुफ्फुसावर डाग राहील. असं एकदा झालं की परत व्हायची शक्यता वाढते, आणि परत झालं तर दरवेळी असंच निभावेल असं त्या सांगू शकत नाहीत. औषधाची मात्रा वाढवायची, दर महिन्याला रक्त. मी विचारलं, मुलीला सांगू का. त्या म्हणाल्या, आपकी मर्ज़ी. मोना म्हणाली, "आम्ही सांगू."

सांगितलं. अवंतीनं ऐकून घेतलं. "हर महीने? परीक्षा में भी?" एवढंच विचारलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि जेवली नाही. आम्ही चुकलो की काय असं मला वाटत राहिलं. अजूनही वाटतं. सांगितलं नसतं तर निदान दोन घास खाल्ले असते.

१० जानेवारी

ऑक्सिजन काढला. पाय टेकवून उभी राहिली, दोन पावलांवर परत बसली. चेहरा इतका लहान झालाय की दहाचीही वाटत नाही. मी तिला बघतो आणि मनात हिशोब चालू होतो, मग थांबवतो.

दुपारी वर्गातल्या त्या दोघी आल्या, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, दप्तरासकट. खाटेपासून लांब उभ्या राहिल्या. एकीच्या हातात संत्री होती, ती कुठे ठेवायची तिला कळेना. अवंतीनं आधी चादर गळ्यापर्यंत ओढली.  मी मध्ये पडून म्हटलं, बसा बेटा, कशा आलात, बसने? दोघींनी मान हलवली.

अवंती म्हणाली, "पप्पा, पडदा ओढ. आणि तू बाहेर बस."

मी पडदा ओढला आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसलो. बाबा तिथेच होते, त्यांनी सरकून जागा दिली.  मग तिघींचे आवाज एकात एक मिसळून यायला लागले, हिंदीत, भराभर, मध्येच कोणीतरी नाक ओढलं.

बाबांनी विचारलं, "हसून राहिल्या का रडून राहिल्या?"

मी म्हटलं, इथून कळत नाही.

"जाऊन पाह्य ना."

मी म्हटलं, नाही बाबा. तिनं बोलावलं की जाईन.